माणसं मोजणारा माणूस

इंजिनिअरिंग ड्रॉइंग हा विषय आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्या वर्षी शिव्या देतच पास केलेला असतो. प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन, डायमेन्शन्स... शीटवर रेघा मारताना या रेघांचा कुणाच्या जगण्या-मरण्याशी संबंध असेल, असं चुकूनही वाटत नाही. पण एक ड्रॉइंग असं होऊन गेलं, ज्याने अख्ख्या इंग्लंडची झोप उडवली.

ते होतं लिव्हरपूलच्या ‘ब्रूक्स’ नावाच्या जहाजाचं. १७८८ साली ब्रिटिश नौदलाच्या एका कॅप्टनने सरकारच्या हुकमाने या जहाजाची मापं घेतली. त्या मापांवरून प्लॅन आणि सेक्शन काढले गेले आणि त्यात माणसं भरून दाखवली गेली. होय, माणसं! आफ्रिकेतून पकडून वेस्ट इंडीजला विकायला नेलेली. एका पुरुषाला जागा किती, तर ६ फूट लांब आणि १६ इंच रुंद. बाईला लांबी दोन इंच कमी. आपला ड्रॉइंग बोर्ड उभा धरला तरी याहून रुंद असतो. त्या वर्षीच्या नव्या कायद्याप्रमाणे या जहाजावर ४५४ माणसं न्यायला परवानगी होती, आणि ती अशी सार्डीनच्या डब्यासारखी रचल्याशिवाय मावतच नव्हती. कायदा होण्याआधी याच जहाजाने एका खेपेत ६०९ माणसं नेली होती.

हे ड्रॉइंग छापून इंग्लंडभर वाटण्यात आलं. दारूच्या गुत्त्यांत आणि घरांच्या भिंतींवर ते लागलं. त्यात ना भाषण होतं, ना कविता. होती ती फक्त मापं. ज्या समितीने ते देशभर पोचवलं, तिचा सगळ्यात जास्त फिरलेला, सगळ्यात जास्त माहिती गोळा केलेला माणूस म्हणजे थॉमस क्लार्कसन. गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या लढ्यात आपल्याला साधारण विल्बरफोर्सचं नाव माहीत असतं, कारण पार्लमेंटमधली भाषणं त्याची. पण त्या भाषणांमागचा पुरावा बराचसा क्लार्कसनचा. म्हणून त्याच्याविषयी लिहावंसं वाटलं.

थॉमसचा जन्म २८ मार्च १७६० चा, केंब्रिजशायरमधल्या विस्बेच गावातला. वडील पाद्री आणि गावच्या शाळेचे हेडमास्तर. थॉमस सहा वर्षांचा असताना ते वारले. पोरगा हुशार होता. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेतून तो केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेला. सहा फुटांवर उंची, लाल केस, स्वभाव गंभीर. वडिलांसारखंच चर्चमध्ये जायचं हे ठरलेलं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर करिअर सेट होतं.

१७८५ साली केंब्रिजच्या कुलगुरूंनी, पीटर पेकर्ड यांनी, लॅटिन निबंधस्पर्धेसाठी एक विषय दिला. माणसांना त्यांच्या मर्जीविरुद्ध गुलाम करणं न्यायाचं आहे का? क्लार्कसनने आदल्या वर्षी एक बक्षीस मिळवलं होतं. याही वर्षी मिळवायचं, एवढाच त्याचा हेतू. विषयाची माहिती शून्य आणि हातात दोनेक महिने. (परिस्थिती ओळखीची वाटते ना?) साहित्य शोधताना वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत त्याला एका पुस्तकाचं नाव दिसलं. तो तडक लंडनला गेला आणि ते विकत घेऊन आला. लेखक अँथनी बेनेझे.

हा बेनेझे म्हणजे अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा शाळामास्तर. १७१३ साली फ्रान्समध्ये जन्मलेला, धर्मछळामुळे कुटुंबाबरोबर देश सोडावा लागलेला आणि पुढे क्वेकर झालेला. दिवसा शाळेत शिकवायचं आणि १७५० पासून संध्याकाळी स्वतःच्या घरी काळ्या मुलांना शिकवायचं, असा त्याचा क्रम होता. ही मुलं बुद्धीने कुठेही कमी नाहीत, हे तो वर्गातल्या अनुभवावरून सांगू शकत होता. आफ्रिकेत जाऊन आलेल्या प्रवाशांची आणि खुद्द व्यापाऱ्यांची वर्णनं त्याने गोळा केली आणि त्यांतूनच या धंद्याचं खरं रूप मांडलं. बाहेरच्या कुणी आरोप करायचे नाहीत, धंदेवाल्यांच्याच जबान्या पुढे ठेवायच्या. ही पद्धत क्लार्कसनने पुढे आयुष्यभर वापरली. दोघांची भेट मात्र कधीच झाली नाही. बेनेझे १७८४ मध्येच वारला होता.

क्वेकर म्हणजे कोण, तेही इथेच सांगतो. हा इंग्लंडमधला सतराव्या शतकातला एक ख्रिस्ती पंथ. यांच्यात पगारी पाद्री नाहीत, प्रार्थना म्हणजे एकत्र शांत बसणं. प्रत्येक माणसाच्या आत देवाचा उजेड आहे, ही श्रद्धा. त्यामुळे राजापुढेही टोपी काढणार नाहीत, शपथ घेणार नाहीत, युद्ध करणार नाहीत. शपथ नाही म्हणून केंब्रिजची पदवी नाही, पार्लमेंट नाही, सरकारी नोकरी नाही. मग ही मंडळी व्यापार-उद्योगात शिरली. १७७९ साली जगातला पहिला मोठा लोखंडी पूल उभारणारा अब्राहम डार्बी हा क्वेकर, आणि पुढे चॉकलेटचा धंदा सुरू करणारा जॉन कॅडबरीसुद्धा क्वेकर.

पण क्वेकर पहिल्यापासून धुतल्या तांदळासारखे होते, असं नाही. फिलाडेल्फियातल्या अनेक श्रीमंत क्वेकरांच्या घरी गुलाम होते. १६८८ साली जर्मनटाउनच्या काहींनी लेखी निषेध केला, तो बाजूला ठेवला गेला. बेंजामिन ले नावाच्या बुटक्या, पाठीला बाक असलेल्या माणसाने १७३८ मध्ये भर सभेत लाल रसाची पिशवी तलवारीने फोडून गुलाम बाळगणाऱ्यांच्या अंगावर ‘रक्त’ उडवलं. त्याला उचलून बाहेर काढलं. जॉन वूलमन घरोघरी पायी फिरून शांतपणे समजावत राहिला. बेनेझे लिहीत राहिला. एवढं सगळं झाल्यावर १७७६ साली फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी गुलाम ठेवणाऱ्याला पंथात जागा नाही असं ठरवलं. आधी स्वतःचं घर साफ केलं आणि मगच ते जगाला सांगायला निघाले. मला या पंथाचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याच गोष्टीचं.

तर, क्लार्कसन बेनेझे वाचत गेला आणि बक्षिसाचा विचार मागे पडला. रात्री झोप लागेना. मध्येच उठून सुचलेलं लिहून ठेवता यावं म्हणून तो खोलीत मेणबत्ती जळती ठेवायचा. निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं. जून १७८५ मध्ये त्याने तो विद्यापीठात वाचून दाखवला आणि घोड्यावरून लंडनला निघाला. वाटेत हर्टफर्डशायरमध्ये वेड्समिल गावाजवळ तो उतरला आणि घोड्याचा लगाम धरून रस्त्याकडेला गवतावर बसला. आपण लिहिलेलं जर खरं असेल, तर हे संपवण्यासाठी कुणीतरी काहीतरी करायला हवं, हा विचार त्याला सोडेना. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता.

‘कुणीतरी करायला हवं’ हे आपण सगळेच दिवसातून चार वेळा म्हणतो. क्लार्कसनला मात्र तो ‘कुणीतरी’ आपणच आहोत हे मान्य करायला काही महिने लागले. दरम्यान त्याने निबंधाचं इंग्रजी भाषांतर केलं आणि प्रकाशक शोधताना गावाकडच्या एका क्वेकर ओळखीतून तो लंडनच्या जेम्स फिलिप्स या क्वेकर मुद्रकाकडे पोचला. तिथे त्याला कळलं की आपण एकटे नाही. क्वेकरांनी १७८३ मध्येच पार्लमेंटला अर्ज केला होता आणि त्यांची छोटी समिती पुस्तकं वाटत होती. पण या आडमुठ्या पंथाचं ऐकणार कोण? त्यांना विद्यापीठात शिकलेला, मुख्य चर्चमधला माणूस हवा होता. आणि क्लार्कसनला हवं होतं गावोगावी पसरलेलं जाळं. २२ मे १७८७ रोजी फिलिप्सच्या छापखान्यात बारा जणांची समिती स्थापन झाली. नऊ क्वेकर आणि तीन अँग्लिकन. चर्चमधला रस्ता क्लार्कसनने सोडून दिला.

समितीने एकदम गुलामगिरीवर घाव न घालता आधी गुलामांचा व्यापार बंद करायचं ठरवलं. या व्यापाराचा फेरा असा होता. इंग्लंडमधून कापड, बंदुका, दारू आफ्रिकेत. तिथून माणसं वेस्ट इंडीज आणि अमेरिकेत. आणि तिथून साखर, कापूस, तंबाखू परत युरोपात. चार शतकांत एकूण सव्वा कोटीच्या आसपास माणसं आफ्रिकेतून जहाजांवर चढवली गेली आणि त्यांतली सुमारे अठरा लाख समुद्रातच मेली, असा आजच्या अभ्यासकांचा हिशोब आहे. लिव्हरपूल आणि ब्रिस्टलसारखी शहरं या पैशावर वाढली होती. अशा धंद्याशी वाद घालायचा, तर पुरावा पक्का पाहिजे.

जून १७८७ मध्ये क्लार्कसन ब्रिस्टलला पोचला. व्यापाऱ्यांचा एक लाडका मुद्दा असा होता, की हा धंदा म्हणजे नौदलासाठी खलाशी तयार करणारी शाळाच आहे. क्लार्कसनने काय केलं? जहाजांच्या हजेरीपटांची जुनी बाडं उघडली. कोण चढला, कोण परतला, कोण मेला, सगळं नावनिशीवार. हे काम त्याने बंदरोबंदरी केलं आणि सुमारे वीस हजार खलाशांची माहिती जमवली. कॅल्क्युलेटर नाही, एक्सेल नाही! निष्कर्ष असा निघाला, की ब्रिस्टलच्या तीन गुलाम-जहाजांवर जितके खलाशी मरत, तितके बंदरातल्या बाकी सगळ्या जहाजांवर मिळूनसुद्धा मरत नव्हते. ती शाळा नव्हती, स्मशान होतं. रात्री तो एका गुत्तेवाल्याला सोबत घेऊन गुत्त्यांतून फिरायचा आणि खलाशांना दारू पाजून कसं भरती करतात ते डोळ्यांनी बघायचा.

दुसरा मुद्दा असा, की आफ्रिकेकडे माणसांशिवाय विकण्यासारखं आहेच काय? क्लार्कसनने एक पेटी तयार केली. तीत आफ्रिकेचं हातमागाचं कापड, कापूस, नीळ, मिरी, डिंक, हस्तिदंत, नाना तऱ्हांची लाकडं असे नमुने होते. ही पेटी तो सगळीकडे नेई आणि उघडून दाखवी. लिव्हरपूलच्या एका दुकानात उघड विकायला ठेवलेल्या बेड्या, अंगठे पिळायचा स्क्रू आणि उपाशी राहून मरू पाहणाऱ्या माणसाचा जबडा जबरदस्तीने उघडायचं हत्यार, हेही त्याने विकत घेतलं. माणसं अन्न नाकारत होती म्हणून तर त्या हत्याराला गिऱ्हाईक होतं! प्रतिकार होत होता याचा तो पुरावा दुकानात टांगलेला होता.

लिव्हरपूलमध्ये अर्थातच तो डोळ्यांत खुपायला लागला. एका वादळी दिवशी धक्क्याच्या टोकाला उभा असताना आठ-नऊ जण त्याला समुद्राच्या कडेला रेटू लागले. हेतू कळल्यावर तो अंगावर धावून गेला, एकाला पाडलं आणि मार खात बाहेर पडला. तिथून मँचेस्टरला गेला, तर त्या गावातून दहा हजारांहून जास्त सह्यांचा अर्ज पार्लमेंटला गेला. सात वर्षांत घोड्यावरून पस्तीस हजार मैल असा त्याच्या फिरण्याचा आकडा सांगतात. मुक्कामाला बहुतेक ठिकाणी क्वेकरांची घरं असायची.

मला सगळ्यात आवडलेला किस्सा १७९० चा आहे. गुलाम हे युद्धकैदी किंवा गुन्हेगार असतात, त्यांना कुणी पळवून आणत नाही, असं व्यापारी छातीठोकपणे सांगत होते. क्लार्कसनला एकाकडून समजलं की नदीतून आत जाऊन गावांवर धाडी घालणाऱ्या होड्यांत प्रत्यक्ष बसलेला एक खलाशी आहे. नाव माहीत नाही. जहाज माहीत नाही. तो बंदरात उभ्या असलेल्या कुठल्यातरी लढाऊ जहाजावर आहे, एवढंच. क्लार्कसनने परवानगी काढली आणि एकेक जहाज चढायला सुरुवात केली. डेप्टफर्ड, वुलिच, चॅटम, शिअरनेस, पोर्ट्समथ... कुठेच नाही. प्लिमथला, तीनशेहून जास्त जहाजं पालथी घातल्यावर, ‘मेलॅम्पस’वर आयझॅक पार्कर नावाचा खलाशी सापडला. तोच तो. रात्री धाड घालून घराघरांतून माणसं कशी ओढून आणली, हे त्याने पार्लमेंटच्या समितीपुढे सांगितलं.

एवढं सगळं झाल्यावर काय व्हायला हवं होतं? १७९१ मध्ये मतदान झालं आणि ठराव १६३ विरुद्ध ८८ मतांनी पडला.

इथे मी वाचताना थांबलो होतो. आपल्याला शिकवलं जातं की डेटा बरोबर असेल तर उत्तर बरोबर येतं. इथे डेटा बरोबर होता, उत्तर चुकीचं आलं, कारण उत्तर देणाऱ्या अनेकांचे पैसे त्या साखरेत होते. मग लोकांनीच साखर सोडली. क्लार्कसनच्या अंदाजाने तीन लाख माणसांनी. त्यात स्त्रिया पुढे होत्या, ज्यांना मताचा हक्कही नव्हता. स्वतः गुलामीतून सुटलेला ओलाउडाह इक्वियानो १७८९ साली छापलेलं आपलं आत्मचरित्र घेऊन गावोगाव फिरत होता. तिकडे सेंट डोमिंगच्या गुलामांनी १७९१ च्या ऑगस्टमध्ये उठाव केला आणि १८०४ मध्ये हैती हा स्वतंत्र देश उभा केला. १७९२ मध्ये पार्लमेंटकडे ५१९ अर्ज आले, तेव्हा कॉमन्सने ‘हळूहळू’ बंद करू असं मान्य केलं. या ‘हळूहळू’चा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको. पुढे फ्रान्सशी युद्ध सुरू झालं आणि सुधारणेची भाषा करणारा प्रत्येक जण देशद्रोही ठरायला लागला.

१७९४ मध्ये क्लार्कसन कोसळला. झोप नाही, आवाज बसलेला, स्मरणशक्ती दगा देणारी. स्वतःचे पैसेही बरेचसे संपले होते. चौतिसाव्या वर्षी तो निवृत्त झाला, उत्तरेला सरोवरांच्या प्रदेशात शेती करू लागला, १७९६ मध्ये कॅथरिन बकशी लग्न केलं. दहाएक वर्षांनी तब्येत सावरल्यावर पुन्हा घोड्यावर बसला. १८०६ मध्ये त्याने क्वेकरांच्या जीवनपद्धतीवर तीन खंडांचं पुस्तक लिहिलं. स्वतः मात्र शेवटपर्यंत क्वेकर झाला नाही. २५ मार्च १८०७ रोजी ब्रिटिश साम्राज्यात गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा झाला. कॉमन्समधली मतं होती २८३ विरुद्ध १६.

पुढच्या वर्षी त्याने या लढ्याचा इतिहास लिहिला. त्यात एक घडीचा नकाशा आहे. लहान-लहान ओढे एकत्र येऊन नदी होते, आणि प्रत्येक ओढ्यावर या कामात आधी खपलेल्या माणसांची नावं. बेनेझे, वूलमन सगळे त्यात आहेत. आपण याला फ्लो चार्ट म्हणू. श्रेय कसं वाटावं, याचा हा नमुना म्हणायला हरकत नाही.

व्यापार बंद झाला तरी गुलामगिरी चालूच होती. १८२३ मध्ये, साठी उलटल्यावर, तो परत निघाला आणि दहा हजार मैल फिरून गावोगावी समित्या उभ्या केल्या. १८३१ अखेरीस जमैकातल्या हजारो गुलामांनी बंड केलं. १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १८३४ पासून लागू झाला. त्यात दोन कोटी पौंडांची भरपाई होती, पण ती मालकांना. गुलामांना एक छदामही नाही. शिवाय ‘उमेदवारी’ या नावाखाली फुकट राबणं १८३८ पर्यंत चालूच होतं. आणि आपल्याशी संबंधित एक गोष्ट : ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख या कायद्यातून वगळला होता. हिंदुस्थानात गुलामीला कायद्याचा आधार नाकारणारा कायदा व्हायला १८४३ साल उजाडलं.

१८३८ मध्ये विल्बरफोर्सच्या मुलांनी वडिलांचं चरित्र छापलं आणि क्लार्कसनला जवळजवळ पगारी मदतनीस ठरवलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला स्वतःच्या कामाचा हिशोब पुन्हा मांडावा लागला. काही वर्षांनी त्या मुलांनी चूक कबूल केली. १८४० मध्ये लंडनच्या जागतिक गुलामगिरीविरोधी परिषदेचं उद्‌घाटन झालं, तेव्हा अध्यक्षस्थानी क्लार्कसनच होता. त्याच परिषदेत अमेरिकेतून आलेल्या ल्युक्रेशिया मॉटसारख्या क्वेकर स्त्रियांना प्रतिनिधी म्हणून बसू दिलं नाही, हेही सांगायला हवं. एका अन्यायावर बोलायला जमलेल्यांना दुसरा समोर बसलेला दिसला नाही.

२६ सप्टेंबर १८४६ ला सफोकमधल्या प्लेफर्ड इथे क्लार्कसन वारला. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याच्या नावाचा दगड बसायला १९९६ साल यावं लागलं. ती नमुन्यांची पेटी मात्र विस्बेचच्या संग्रहालयात आहे.

मित्रांनो, आपणही दर सेमिस्टरला काही ना काही शोधून लिहितो. सेमिनार, प्रोजेक्ट रिपोर्ट, सर्व्हे. धरणाने उठलेली गावं, गटारात उतरणारे कामगार, साइटवर हेल्मेटशिवाय चढणारी माणसं, हे सगळं कुठल्या ना कुठल्या रिपोर्टमध्ये येऊन जातं, मार्क मिळतात आणि फाइल कपाटात जाते. सगळ्यांनी आयुष्य झोकून द्यावं असं मी म्हणणार नाही. मलाही ते जमेल असं नाही. पण लिहिलेलं खरं आहे, हे ज्याला माहीत आहे तो पहिला माणूस तर आपणच असतो. क्लार्कसनने बक्षीस घेतलं आणि पुढची साठ वर्षं तोच निबंध पुरा करत राहिला.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी